पित्त उतरेपर्यंत

मुलीच्या अंगावर पहिल्यांदा गांधी उठल्या, त्या संध्याकाळी ती शाळेतून नुकतीच आली होती. शाळेचा फ्रॉक डोक्यावरून काढला तर मानेखाली डास चावल्यासारखे तीनचार लाल फुगवटे दिसले. मी आतून खोबरेल तेल घेऊन येईपर्यंत ते पाठभर पसरले होते. कडा उचललेल्या, मध्ये फिकट, एकमेकांत मिसळत चाललेले. ती दोन्ही हात मागे नेऊन खाजवत होती आणि माझ्या सासरच्या, सावद्याच्या बोलीत सांगत होती, "मम्मी, मले लय खाजू राह्यलं."

मी घाबरून तिला तशीच चादरीत गुंडाळून शेजारच्या काकूंकडे नेलं. धुळ्यात देवपूरला आम्ही भाड्यानं दोन खोल्या घेतल्या होत्या, त्यांच्या भिंतीला भिंत लागून काकूंचं घर. त्यांनी पोरीची पाठ उजेडाकडे फिरवली, एका गांधीवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "पित शे हाई. घाबरू नको." मग त्यांनीच आमसूल पाण्यात कोळून दिलं. ते पाणी मी तिच्या पाठीला, दंडांना लावलं. थोड्या वेळानं पाठ निवळली, आणि मी हुश्श करणार तेवढ्यात मांड्यांवर नव्या गांधी उठल्या.

असं ते सुरू झालं. तेव्हा पोरगी पाच वर्षांची होऊन गेली होती आणि माझ्याजवळ राहायला येऊन तिला जेमतेम एक पावसाळा झाला होता.

माझ्याजवळ राहायला येऊन, असं मी लिहिते खरी. पोटच्या पोरीबद्दल असं लिहावं लागतं, कारण तसंच होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पहिली नेमणूक पिंपळनेरच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर होती. नवरा वीज कंपनीत, जळगावला, पाळीची नोकरी. पोरगी दीड वर्षाची होईपर्यंत मी तिला पाड्यावर सांभाळलं. एका पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. गाडी मिळून पिंपळनेरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत जो वेळ गेला, तो मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर घरच्यांनी एकत्र बसून ठरवलं की माझी बदली होईपर्यंत पोरगी सावद्याला राहील, अक्कांजवळ.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. त्या माहेरी परत आल्या आणि भावांच्या केळीच्या शेतीत इतक्या मिसळून गेल्या की गावातले व्यापारीसुद्धा कापणी कधी ठेवायची ते त्यांनाच विचारत. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं कमी. मी पोरीला त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तू तुह्यी नोकरी कर. हिची काळजी मले."

बदली एका वर्षात होईल असं सगळे म्हणत होते. झाली नाही. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी पिंपळनेरहून बस धरायची. साक्री, धुळे, पारोळा, जळगाव, आणि मग भुसावळवरून सावदा. पोचायला दिवेलागण होऊन जायची. भुसावळजवळ तापीचा पूल आला की माझे हात उगाच पदराशी चाळा करू लागायचे. घरी पोचले की पोरगी अक्कांच्या पायांमागून माझ्याकडे बघायची. रागावलेली नसायची, रडायची नाही. पाहुण्याकडे बघावं तसं नीट, सभ्यपणे बघायची. रविवारी दुपारपर्यंत ती माझ्या मांडीवर यायला लागायची आणि तेव्हाच माझी परतीची बस असायची.

तिचे फ्रॉक मी धुवायला घ्यायचे. सगळ्यांवर केळीच्या चिकाचे काळपट डाग. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही, कितीही घासा. पिशवीत एखादा फ्रॉक मी पाड्यावर घेऊन जायची. वर्गात पोरं फळ्याकडे बघून उतरवून घेत असली की मला वाटायचं, आता ती काय करत असेल. उठली असेल का. कुणी वेणी घातली असेल.

शेवटी बदली मिळाली ती सोनगीरजवळच्या एका गावात. नवऱ्यानंही धुळ्याला बदली करून घेतली. आम्ही देवपूरला खोल्या घेतल्या, पोरीचं नाव शाळेत घातलं. सावद्याहून निघताना अक्कांनी तिचे कपडे, पितळी वाटी, खेळण्यातला ट्रक असं सगळं एका गोणपाटाच्या पिशवीत भरून दिलं आणि त्या शेतात निघून गेल्या. निरोप द्यायला थांबल्या नाहीत.

धुळ्यात पोरगी शहाण्यासारखी राहिली. वेळेवर उठायची, डबा संपवायची. शाळेत मुलं तिच्या बोलण्याला हसली, तेव्हा तिनं शाळेत बोलणंच कमी केलं. संध्याकाळी दारात बसून ती रस्त्याकडे बघत राहायची. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही. आणि मग हे पित्त आलं.

पहिले काही दिवस आम्ही आमसुलाच्या पाण्यावर काढले. कुणी गेरू लावायला सांगितला, तोही लावून पाहिला. चादर लाल झाली, खाज तशीच राहिली. मग तिला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला टेबलावर बसवून नखशिखांत तपासलं, ताप येऊन गेला का, कुठलं औषध दिलं होतं का, घशात काही झालं होतं का, सगळं विचारलं. मग रोज घ्यायचं एक पातळ औषध दिलं, अंगावर लावायला गुलाबी लोशन दिलं. गांधी दिसोत न दिसोत, औषध रोज द्यायचं, असं बजावलं. नखं कापून ठेवा, सैल सुती कपडे घाला, आंघोळीला कढत पाणी नको, खाज सुटली की ओलं गार फडकं ठेवा. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, उलट्या सुरू झाल्या, तर माझ्या दवाखान्याची वाट धरू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

मी विचारलं, हे कशामुळे झालं?

त्या म्हणाल्या, "बहुतेक मुलांमध्ये कारण सापडत नाही. सापडलं नाही तरी हे बरं होतं. वेळ लागतो."

हे उत्तर मला पटलं नाही. आईला कारण हवं असतं. नवऱ्यालाही हवं होतं. ओळखीतल्या प्रत्येकाकडे एकेक कारण होतं. वांगं उष्ण, म्हणून ऐन भरताच्या दिवसांत घरात वांगं येणं बंद झालं. शेंगदाणे बंद. आंबवलेलं बंद. आणि कुणीतरी म्हणालं, केळी खाते का? सावद्याहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर अक्का केळीची फणी पाठवत. पोरगी धुळ्यात दुसरं काही मागत नसे, तेवढी केळी मागायची. आम्ही केळीही बंद केली. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, अंगाला खाज सुटते म्हणून. तिनं मान हलवली आणि पुन्हा केळी मागितली नाही. ते तिचं न मागणं मला कुठल्याही रडण्यापेक्षा जड जायचं.

केळी बंद झाली आणि गांधी येत राहिल्या. कधी पोटावर, कधी तळपायांना, कधी कानाच्या पाळीला. सकाळी उठलेली गांध दुपारी नाहीशी झालेली असायची, माग काढू म्हटलं तर त्वचा स्वच्छ. संध्याकाळी पुन्हा दुसरीकडे. मी शाळेतून आले की तिला पंख्याखाली बसवून गार फडकी बदलत राहायची. तिला हात लावायला मिळत होता, इतका वेळ, इतका जवळून, हे मला जाणवायचं. साडेतीन वर्षं मी ज्या पाठीसाठी झुरले ती पाठ आता माझ्या तळहाताखाली होती आणि ती सगळी सुजलेली होती. एकदा फडकं ठेवता ठेवता ती पेंगुळल्या आवाजात म्हणाली, "अक्का, जरा खाली." मी फडकं खाली सरकवलं. नाव दुरुस्त केलं नाही.

सावद्याला आम्ही पित्ताचं कळवलं नव्हतं. नवरा म्हणायचा, अक्का उगाच घाबरेल. मला वेगळी भीती होती. वाटायचं, अक्का येतील, पोरीकडे एकदा बघतील, आणि तिला उचलून घेऊन जातील. आणि कुणी त्यांना नको म्हणू शकणार नाही, मीसुद्धा नाही.

एका रविवारी दुपारी जेवणं झाली होती. पोरगी आरशासमोर उभी राहून हसायला लागली. मी बघितलं तर तिचा वरचा ओठ टम्म फुगला होता, एका बाजूनं जास्त. तिला ते गमतीचं वाटत होतं. मग ती मला काहीतरी म्हणाली आणि तिचा आवाज घोगरा आला. मी चपला घातल्या की नाही आठवत नाही. तिला उचललं आणि रस्त्यावर आले. काकूंनी रिक्षा थांबवली आणि त्या न विचारता शेजारी बसल्या. पांझरेच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती आणि मी तिचा श्वास ऐकत होते, एक संपला की दुसऱ्याची वाट बघत. त्या वेळी मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, पण त्यात हेही होतं की ही बरी होऊ दे, मग ती कुठेही राहो.

दवाखान्यात त्यांनी लगेच आत घेतलं, इंजेक्शन दिलं, बोटाला चिमटा लावून श्वासावर लक्ष ठेवलं. संध्याकाळपर्यंत ओठ उतरला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आजची रात्र इथेच राहू द्या. नवरा कामावरून धावत आला. पोरीला बघून तो बाहेर गेला आणि त्यानं बहिणीला फोन लावला. मी काचेतून बघत होते. तो फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

सकाळी आम्ही घरी आलो तर अक्का ओट्यावर बसलेल्या होत्या. पहाटेची पहिली बस धरून निघाल्या असणार. शेजारी काळी घोंगडी, आणि तिच्यात गुंडाळून आणलेली केळीची फणी. पोरगी रिक्षातून उतरली, थबकली, आणि मग अशी धावली की मला वाटलं पडते आता. अक्कांच्या कुशीत शिरून ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. धुळ्यात आल्यापासून मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "रड व माय, रड."

अक्कांचा घोंगडीवर विश्वास होता. अंगावर पित्त उठलं की घोंगडीनं अंग घासायचं आणि तिच्यातच गुंडाळून ठेवायचं, हा त्यांच्याकडचा जुना उपाय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे त्याही आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, लोकर घासली तर खाज आणखी चाळवेल, ती नको. आमसुलाचं गार पाणी चालेल, त्यानं बरं वाटतं, पण औषध चुकवायचं नाही. औषधाचं प्रमाणही त्यांनी वाढवून दिलं. अक्का मान हलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आन् केयी?"

बाईंनी आम्हाला विचारलं, केळी खाल्ल्यावर थोड्या वेळात गांधी आल्या, असं कधी झालं का? आम्ही म्हटलं, तसं नाही, केळी तर केव्हाची बंद आहे. मग कशाला बंद ठेवता, बाई म्हणाल्या, वाढीचं पोर आहे, खाऊ द्या तिला. बाकीची बंद केलेली यादीही त्यांनी मोडीत काढली.

घरी आल्याबरोबर अक्कांनी फणीतलं एक केळं सोललं, पोरीला दिलं, आणि ती खाईस्तोवर तिच्यासमोर बसून राहिल्या. घोंगडी त्यांनी घडी करून स्वतःच्या बसण्याखाली घेतली.

त्या पित्त उतरेपर्यंत राहणार होत्या. असं कुणी म्हटलं नव्हतं, पण तिघांनीही तसंच धरलं होतं. सकाळी मी सोनगीरची बस धरायची, नवरा पाळीला जायचा. शाळेतून आले की दोघी ओट्यावर दिसायच्या. अक्का तिची नखं बघायच्या, औषध द्यायच्या, कॉटनचे जुने परकर फाडून फडकी करायच्या. पोरगी भडाभडा बोलायला लागली होती. तिची बोली परत आली होती. मी स्वयंपाक करताना ऐकायची. कुठल्याशा काळ्या म्हशीबद्दल, ट्रकवरच्या कुणा मामाबद्दल, कालव्यात वाहून गेलेल्या चपलेबद्दल बोलणं चालायचं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी पोळ्या लाटत लाटत ती म्हैस, तो मामा, तो कालवा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करायची.

हळूहळू गांधी कमी झाल्या. आधी रोज, मग दिवसाआड, मग एखादी चुकार. मग एक आख्खा आठवडा अंग स्वच्छ गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध अजून काही दिवस चालू ठेवू, मग हळूहळू कमी करू.

आणि तरी पोरगी संध्याकाळी अक्कांजवळ जाऊन म्हणायचीच, इथं खाजू राह्यलं. कधी दंड दाखवायची, कधी पाय. तिथे काही नसायचं. मी लांबून बघायची, अगदी स्वच्छ कातडी. अक्का चष्मा लावून ती जागा नीट बघायच्या, गंभीरपणे मान हलवायच्या, गार फडकं ठेवायच्या. पोरीला ठाऊक होतं की पित्त गेलं तर अक्का जाणार. अक्कांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आम्ही तिघी त्या नसलेल्या गांधीवर उपचार करत होतो.

एका सकाळी पोरगी शाळेत गेल्यावर अक्का पिशवी भरायला लागल्या. मला त्या दिवशी सुट्टी होती. मी म्हटलं, अक्का, एवढ्यात काय, राहा ना. हे मी मनापासून म्हटलं. त्या असताना घर भरलेलं वाटत होतं आणि मला त्यांच्या जाण्यानंतरच्या संध्याकाळची धास्ती होती.

त्या म्हणाल्या, "कापणी आली आहे."

मी म्हटलं, कापणी भाऊ बघतील.

त्यांनी पिशवीचे बंद बांधले, मग माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे कोरडे होते, आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. "मी इथं राह्यली तं तिले तुह्यी सवय कधी व्हईन? मले काय, मी जन्मभर राहीन. पण माय तू आहे."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला वाटतं, तेवढ्या वेळात त्यांनी पोरीला दुसऱ्यांदा माझ्या हवाली केलं. पहिल्यांदा त्या निरोप न देता शेतात निघून गेल्या होत्या. या वेळी पोरगी शाळेतून येईपर्यंत थांबल्या, तिला बसस्टँडवर घेऊन गेल्या, खिडकीतून हात काढून बस वळेपर्यंत हलवत राहिल्या.

पोरगी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही ताटातलं अर्धं ठेवून उठली. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी वह्या तपासत होते, ती येऊन माझ्या शेजारी बसली, बाही वर केली आणि म्हणाली, "मम्मी, इथं खाजतंय." दंडावर काही नव्हतं. मी फडकं भिजवून आणलं. ती माझ्या मांडीवर आडवी झाली आणि मी वह्या तशाच ठेवून दिल्या.

त्यानंतर पित्त फार थोड्या वेळा उठलं, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पार गेलं. कशानं आलं होतं ते कळलं नाही. पोरगी विरहानं सुजली होती असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. एकदा मी डॉक्टरीणबाईंना तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, मनाच्या ताणानं पित्त वाढू शकतं, पण त्यावरून स्वतःला दोष देत बसू नका. दोष मी दिला नाही. ओढ मात्र राहिली.

आता ती जळगावला कॉलेजात शिकते, वसतिगृहात राहते. शनिवारी ती घरी येत नाही, सावद्याला जाते. बस जवळची पडते असं सांगते. तिथून दोघी मला फोन करतात. अक्का थकल्यात, गुडघे धरतात, शेतात जाणं कमी झालंय. मागच्या दिवाळीला आम्ही सगळे तिकडे जमलो होतो. दुपारी अक्का ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या, पोरगी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती, आणि अक्का सहज सांगून गेल्या की ही पहिल्यांदा भुईवर सांडलेलं चांदणं बघून तांदूळ समजून वेचायला लागली होती, मुठी भरून आणायची आणि उघडून बघायची, काही नाही.

पोरगी हसली. तिला हे माहीत होतं, तिनं ते अनेकदा ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं. मी माझा पाट अक्कांच्या जवळ सरकवला आणि म्हटलं, अक्का, तेव्हा केवढी होती ही? पहिल्यापासून सांगा ना.